बँकॉकचं तिकीट हातात आलं की आधी हे वाचा

"भाऊ, बँकॉकले किती तास लागते?" दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत हाच प्रश्न, म्हणून शेवटी छापूनच ठेवलं. मुंबई ते बँकॉक सुमारे 3,000 किलोमीटर. थेट विमानाला चार ते साडेचार तास. आर्वीहून रात्रभर बसने पुणं गाठणाऱ्या माणसाला हे काहीच नाही.

तिकिटावर मात्र वेगळंच दिसतं. त्यावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते आणि थायलंडचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे आहे. नुसती वजाबाकी केली तर जाताना सहा तास येतात, येताना तीनच. मग विचारणा होते, "येतानाचं विमान फास्ट आहे का?" उलट हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून येतो, परतीला तो समोरून लागतो आणि थोडा वेळ जास्तच जातो. जातानाच्या हिशेबातून दीड तास काढा, येतानाच्या हिशेबात मिळवा.

इथे चुकलात तरी खिशाला काही होत नाही. खिसा कापला जातो तो तारखेत. तिकिटावर 15 तारीख, 00:40 असं असेल तर ते विमान 14 तारखेची रात्र संपताच सुटतं. तीन तास आधी पोचायचं, म्हणजे 14 च्या रात्री साडेनऊला तुम्ही सहारच्या टर्मिनल 2 वर हवेत. त्यासाठी घर सोडायचं 13 ला, संध्याकाळच्या विदर्भ एक्स्प्रेससाठी. आमच्याकडचे सहा जण 14 ला वर्ध्याहून गाडीत बसले. 15 ला सकाळी दादरला उतरून त्यांचा फोन, "पोचलो भाऊ, रात्रीपर्यंत कुठं थांबावं?" त्यांचं विमान तोवर बँकॉकला उतरलंही होतं. अशा वेळी तिकिटाचे पैसे बुडतात, फार तर काही कर परत मिळतात. त्या दिवशी दुकानात दुसरं काम झालं नाही.

तेव्हापासून पाकिटावर लाल पेनाने "घरून निघायचं: 13, संध्याकाळ" असं लिहूनच देतो. काही जण हसतात. हसू द्या. रेल्वेचं तिकीटही आमच्याकडूनच काढा म्हणतो ते याचसाठी, दोन्ही तारखा एकाच हाताने जुळतात.

"मोबाइलवर स्वस्त दिसते" हेही रोजचंच. बघा, ते विमान बहुतेक वेळा कोलंबो किंवा क्वालालंपूरला उतरवून मग पुढे नेतं. मधला मुक्काम किती तासांचा, ते वाचून मगच पैसे भरा. म्हातारी माणसं सोबत असतील तर आम्ही थेट विमानच सुचवतो.

बुद्धमूर्तींच्या दर्शनाला वीस-पंचवीस जणांचा जथा नेणाऱ्यांनी कोलकात्याचाही विचार करावा. नागपूर-हावडा 1,131 किलोमीटर रेल्वेने, म्हणजे मुंबईपेक्षा लांब. पण तिथून बँकॉक साधारण 1,650 किलोमीटर, अडीच तासांत. दोन्हीकडचा हिशेब आम्ही कागदावर मांडून देतो, त्याचे पैसे लागत नाहीत.

दुकानात तिकीट काढायला येताना सगळ्यांचे पासपोर्ट आणा. झेरॉक्स नको, मूळच हवेत. प्रवासाच्या तारखेपासून मुदत सहा महिन्यांहून कमी उरली असेल तर आधी नूतनीकरण करून घ्या, तिकिटाचं मग बघू.