वीरगळ उकरू नका, त्याखाली कुणी नाही

सोलापूरकरांना समाधी समजावून सांगायची गरज नाही. तलावातल्या सिद्धेश्वर मंदिरात सिद्धरामेश्वरांची योगसमाधी आहे, अक्कलकोटला स्वामी समर्थांची. लिंगायत घरांत तर बसत्या स्थितीत, हाती इष्टलिंग देऊन केलेलं दफन आणि त्यावरचा कट्टा सगळ्यांनी पाहिलेला असतो. चौथरा, वर लिंग, नंदी नाहीतर पादुका. झालं.

घोळ होतो तो वेशीजवळ किंवा मारुतीच्या पाराला टेकवलेल्या उभ्या शिळेचा. तिच्यावर घोडा दिसला की 'सरदाराची समाधी', आणि कुणी शेंदूर फासला की देव. बहुतेक वेळा तो वीरगळ असतो, लढून मेलेल्याची स्मारकशिळा. कन्नडमध्ये कल्लु म्हणजे दगड. वीरगल्लु, म्हणजे वीराचा दगड, त्यावरून वीरगळ. गळ्याशी काही संबंध नाही.

खरी गोम इथे आहे. आपण 'समाधी' हा शब्द दफन केलेल्यालाही वापरतो आणि दहनाच्या जागी बांधलेल्या चौथऱ्यालाही. दोन्हींत देह किंवा अस्थी त्या जागेशी बांधलेल्या असतात. चोखोबांचंच बघा. परंपरा सांगते की मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत कोसळून ते गेले. नामदेवांनी अस्थी पंढरपुरात आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी झाली. मरण एकीकडे, समाधी अस्थी ठेवल्या तिथे. वीरगळाला अस्थी लागतच नाहीत. तो लढून मेलेल्याच्या स्मरणार्थ उभा करायचा, मग तो पडला त्या जागी असो, गावाच्या सीमेवर असो की देवळापुढे. त्यामुळे गुप्तधनासाठी म्हणा की 'सांगाडा मिळतो का' म्हणून, त्याखाली खणणं हा शुद्ध मूर्खपणा. मिळतं काहीच नाही, शिळा तेवढी कलंडून मोडते.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळच्या चौकटीत बहुधा वीर आडवा पडलेला. बाजूला गाईगुरं असतील तर गोधन सोडवताना तो गेला. त्याच्या वर ढाल-तलवारीची झुंज. मग अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, आणि सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर चंद्रसूर्य: ते आहेत तोवर कीर्ती. चौकटी कधी तीन, कधी चार. पण नुसते चंद्रसूर्य दिसले म्हणून वीरगळ ठरवू नका. ते सतीशिळेवरही असतात आणि गधेगाळावरही. बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात म्हणजे सती. गधेगाळ हा तर दानपत्र मोडणाऱ्याला दिलेला शाप कोरलेला दगड, त्यात कुणी मेलेलंच नसतं.

बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं. म्हणून नाव सांगता येत नाही, आणि ते सांगूही नये. तरी चालुक्य-यादव काळातल्या शिळेवर 'अमुक मावळ्याची समाधी' अशी ग्रॅनाइटची पाटी ठोकतात. घोडेस्वार दिसला म्हणजे शिवकाळ नव्हे!

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते जीर्णोद्धारात. शिळेचा तळ ओबडधोबड, न कोरलेला असतो. जमिनीत गाडायला ठेवलेला तेवढाच भाग. हौशी मंडळी दीड-दोन फूट जास्त पुरून वर सिमेंट ओततात आणि तळची चौकट, म्हणजे माणूस कशाने मेला ते सांगणारी, कायमची गाडली जाते. पुन्हा उभा करायचाच असेल तर न कोरलेला भागच खड्ड्यात, भोवती मुरूम आणि दगडाच्या चिपा ठासून. कोरीव काम जमिनीच्या वीतभर वर राहिलं पाहिजे. सिमेंट नाही. ऑइलपेंट अजिबात नाही: तो रेषा बुजवतो आणि पुढे पोपडा सुटताना दगडाची खपलीही घेऊन जातो. शेंदराचा थर तारेच्या ब्रशने किंवा ॲसिडने काढू नका, आधीच झिजलेली नाकं-बोटं जातील. ते काम पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांचं.

तुम्ही करण्यासारखं एवढंच: मऊ ब्रश, साधं पाणी आणि अंधार पडल्यावर एक टॉर्च. टॉर्च समोरून नको, फ्लॅशही नको, त्याने सगळं सपाट दिसतं. शिळेच्या कडेला जवळजवळ टेकवून आडवा झोत मारा. दुपारी नुसता काळा धोंडा दिसणाऱ्या शिळेवर तेव्हा गाईची शिंगं मोजता येतात. शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, उंची, रुंदी, जाडी लिहून ठेवा, आणि शिळा आहे तिथेच राहू द्या.