एक ओढा, दोन मोजमापं

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरल्या तायेरी नदीवर, नाय ताहू या माओरी समाजाच्या जाणत्यांना सोबत घेऊन गेल टिपा आणि लॉरेल टिअर्नी यांनी नदीचं आरोग्य तपासायची एक पद्धत बसवली. ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा निकाल ‘अ-०/२.१/३.८’ असा दिसतो. ‘अ’ म्हणजे पूर्वापार वापरातली जागा, नसेल तर ‘ब’. शून्य म्हणजे तिथे पुन्हा यायची लोकांची इच्छा नाही. दुसरा आकडा खाण्याजोगे मासे-वनस्पती आणि तिथवर पोचण्याच्या वाटेचा. तिसरा पाणी, गाळ, काठची झाडी, प्रवाहाची मोडतोड अशा आठ खुणांचा. दोन्ही गुण १ ते ५ मध्ये.

न्यूझीलंडमधल्या शाळेच्या मुलांना एकाच ओढ्यावर या पद्धतीसोबत प्रयोगशाळेची पद्धतही शिकवता येते. आधी पाण्याची पारदर्शकता मोजावी, कारण पाय पडले की गाळ उठतो. मग अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीत तळाचे किडे धरायचे, खालून वर सरकत. प्रत्येक प्रकाराला १ ते १० गुण ठरलेले आहेत: डेलिएटिडियम या मेफ्लायच्या (पाण्यात वाढणाऱ्या एका उडत्या किड्याच्या) पिल्लाला ८, पोटॅमोपिर्गस गोगलगायीला ४, गांडूळवर्गीय कृमींना १. समजा हे तीनच प्रकार सापडले: बेरीज १३, भागिले ३ प्रकार, गुणिले २०, म्हणजे सुमारे ८७. ऐंशीच्या खाली ओढा वाईट, १२० च्या आसपास किंवा वर उत्तम. (तीनच प्रकारांवर निकाल मात्र देऊ नये.)

अनेकदा दोन्ही निकाल जुळतात. खरा अभ्यास सुरू होतो ते न जुळल्यावर. किडे उत्तम, तरी जाणते शून्य देतात: खाली बांध घातल्याने समुद्रातून येणारी ईल (सापासारखा लांबट मासा) वर चढत नाही, किंवा काठाला कुंपण पडलंय. किड्यांच्या आकड्यात हे दिसणारच नाही. म्हणून दोन्हींची सरासरी काढणं ही सगळ्यात मोठी चूक. नेमका फरकच त्यात पुसला जातो. जाणत्यांना फक्त प्रार्थनेपुरतं बोलावून त्यांचे गुण शिक्षकांनी भरणं हीदेखील तशीच चूक. आणि ईल कुठे सापडते ते त्यांच्या परवानगीशिवाय नकाशावर टाकू नये.

सह्याद्रीतल्या ओढ्याला हे किड्यांचे गुण जसेच्या तसे लावू नयेत. ते न्यूझीलंडमधल्या प्रजातींसाठी आहेत. इथले गुण इथल्या नमुन्यांवरूनच ठरवावे लागतील, आणि ‘पूर्वी काय मिळायचं’ ही यादी त्या ओढ्यात मासे-खेकडे धरणाऱ्यांनीच करायला हवी.