स्पीडच्या शंभर बैठका फिगरवाल्या मुलीला कशाला?

सुट्टीतल्या शिबिराची पहिली सकाळ कुठल्याही रिंकवर सारखीच असते. कडेला तीस मुलं रांगेत उभी आणि सगळ्यांना एकच हुकूम: शंभर बैठका. त्यातली अठ्ठावीस इनलाइनवर, म्हणजे एका रेषेत चाकं असलेल्या स्केट्सवर, शर्यती करणारी, उरलेल्या दोघी फिगर स्केटिंगच्या, म्हणजे उड्या आणि गिरक्या शिकणाऱ्या. ‘स्केटिंग म्हणजे शेवटी मांड्यांचं काम, मग व्यायाम वेगळा कशाला?’ हे मी पालकांकडून आणि प्रशिक्षकांकडूनही इतक्यांदा ऐकलंय की आता सविस्तर लिहूनच टाकते.

स्पीडचं, म्हणजे शर्यतीच्या स्केटिंगचं, थोडक्यात सांगते, कारण तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी ते रोज चालू असतं. खाली वाकून बसायचं, पाठ जवळजवळ आडवी ठेवायची, रेटा मागे नाही तर बाजूला द्यायचा. अवघड असतं ते वाकलेलं राहणं. त्या बैठकीत मांडीचे स्नायू सतत आवळलेले असल्याने त्यांना रक्त पुरेसं मिळत नाही, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच मांड्या पेटतात. सराव असतो तो या जळजळीत आकार न मोडण्याचा. मी मुलांना वाकून चालायला लावते तेव्हा कमरेवर पाण्याची बाटली आडवी ठेवते. बाटली पडली की बैठक मोडली, मला ओरडावं लागत नाही.

याला दमाची जोड लागते, म्हणून मोठे स्पीड स्केटर सायकलवर तासन्‌तास काढतात. अमेरिकेच्या एरिक हायडनने 1980 च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये स्पीड स्केटिंगची पाचही सुवर्णपदकं घेतली आणि 1986 साली तो टूर दी फ्रान्स या सायकल शर्यतीत उतरला. स्वीडनच्या निल्स व्हॅन डर पूलने 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटर 12 मिनिटं 30.74 सेकंदांत पार केले, तो तेव्हाचा विश्वविक्रम होता. त्याने नंतर आपला सगळा सराव जाहीर केला, त्यातही सायकलच सायकल आहे. इनलाइनवाल्यांना हे सगळं जसंच्या तसं लागू पडतं. त्याच ऑलिंपिकमध्ये 500 मीटरचं सुवर्ण जिंकणारी एरिन जॅक्सन चाकांवरूनच बर्फावर गेली होती.

बूट आणि पाती वेगळी असतात, हे फोटो पाहूनही कळतं. बर्फावरच्या फिगर स्केटचं पातं साधारण 4 मिलिमीटर जाड, पुढे दाते असलेलं. स्पीडचं जेमतेम 1 मिलिमीटरचं आणि लांबलचक. लवचीकपणा फिगरला जास्त लागतो, हेही खरं. पण गोंधळ यात नाही.

गोंधळ ‘ताकद’ या शब्दात आहे. स्पीड स्केटरचा पाय ओझं वाहतो, फिगर स्केटरचा पाय घाव झेलतो. दोन्हीला आपण ताकदच म्हणतो आणि मग एकाचं औषध दुसऱ्याला पाजतो.

चार गिरक्यांची उडी घ्या. स्केटर हवेत असतो जेमतेम 0.7 सेकंद. तेवढ्यात चार गिरक्या, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सहा. तीन गिरक्यांची उडी जमणाऱ्याला चौथी का जमत नाही, असं विचारलं की लोक म्हणतात, ‘अजून उंच उडायला हवं.’ उंची हवीच, पण तीन आणि चार गिरक्यांमध्ये उंचीचा फरक फारसा नसतो. फरक असतो तो अंग किती लवकर आवळलं जातं आणि किती घट्ट राहतं याचा. गिरकीचा वेग हात बाहेर फेकू पाहतो. त्यांना छातीशी धरून ठेवायला खांदे, पाठ आणि पोट लागतं. शंभर बैठकांनी यातलं काय होणार?

आणि मग उतरणं. एका पायावर, मागे जात, पात्याच्या बाहेरच्या कडेवर. शरीराच्या वजनाच्या पाचपटींहून जास्त भार क्षणभरात येतो. साध्या उडीत घोटा वाकून तो बराचसा पचवतो. फिगरचा बूट ताठ असल्याने घोट्याला ती मुभाच नसते, भार सरळ गुडघा, खुबा आणि कंबरेकडे चढतो. तोही बहुतेक वेळा एकाच पायावर, कारण उजवीकडून डावीकडे फिरणारी मुलगी जवळपास प्रत्येक उडीनंतर उजव्याच पायावर उतरते. दिवसाला पन्नास उड्या मारल्या तर पन्नास घाव त्याच पायाला.

म्हणून तिचा व्यायाम छोटा, झटपट आणि भरपूर विश्रांतीचा असायला हवा. दोरीवरच्या उड्या. ठेंगण्या पाटावरून एका पायावर उतरायचं आणि तीन आकडे मोजेपर्यंत हलायचं नाही. जमिनीवर, साध्या बुटात, हात आवळून गिरकी. पाच-सहा वेळा नीट झालं की थांबायचं. पाय थकल्यावर केलेली सातवी उडी चुकीचं उतरणं शिकवते. स्पीडवाल्याला थकव्यातच शिकायचं असतं, हिला ताजेपणी. माझं भांडण बैठकांशी नाही, शंभर या आकड्याशी आहे. वाढीचं वय ओलांडलेल्या मुलीने खांद्यावर वजन घेऊन पाच नीट बैठका माराव्यात, मी स्वतः शिकवेन. पण दमवून घाम काढणं म्हणजे तयारी, हे मला मान्य नाही.

दम फिगरलाही लागतोच. फ्री स्केटिंग, म्हणजे स्पर्धेतला संगीतावरचा मोठा कार्यक्रम, चार मिनिटांचं असतं आणि शेवटच्या तीन उड्यांना 10 टक्के गुण जास्त मिळतात, म्हणजे थकल्या पायांनी उडावंच लागतं. पण ती तयारी संगीतावर पूर्ण कार्यक्रम करून होते, बैठकीत वाकून राहून नाही.

एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. मुलीची उडी बिघडली की पहिला सल्ला मिळतो, ‘वजन कमी कर.’ बारीक अंग लवकर फिरतं, हे भौतिकशास्त्र कुणी नाकारत नाही. पण वाढत्या वयात उपाशी ठेवलेल्या मुलीची हाडं हे घाव झेलत नाहीत, पायाच्या हाडाला बारीक चिरा पडतात आणि हंगाम घरी बसून जातो. आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाने ज्येष्ठ (सीनियर) गटाचं किमान वय 15 वरून टप्प्याटप्प्याने 17 वर नेलं, ते मला फार योग्य वाटलं.

वेगवान गोलंदाजाची षटकं मोजतात, तशा उड्या मोजा. मी एका तेरा वर्षांच्या मुलीला छोटी वही दिली आहे. त्यात ती रोज दोन आकडे लिहिते: एकूण उड्या किती आणि त्यातल्या आवाज न करता उतरलेल्या किती. जमिनीवर ‘धप्प’ झालं की भार हाडांनी घेतला, ‘टप’ झालं की स्नायूंनी. पहिल्या आठवड्यात तिच्या वहीत चाळीसपैकी सहा होत्या. आता ती चोवीसच मारते, त्यातल्या सतरा आवाज न करता उतरते, आणि रांगेतल्या शंभर बैठकांच्या वेळी पाटाजवळ दोरी घेऊन उभी असते.