लघवीच्या तक्रारी : लक्षणे कशी ओळखावीत आणि नमुना कसा द्यावा

एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या बागांत राबणारे गडी, बोटीवरून परतलेले खलाशी आणि दिवसभर मासळी बाजारात बसणाऱ्या स्त्रिया ‘उन्हाळी लागली आहे’ असे सांगत आमच्या प्रयोगशाळेत येतात. दमट हवेत घाम फार जातो, पाणी मात्र त्या मानाने प्यायले जात नाही, आणि मग लघवी कमी, गडद व जळजळीत होते. साधे पाणी किंवा शहाळे भरपूर घेतल्यावर दिवसभरात रंग फिका होऊन जळजळ थांबली, तर बहुधा तेवढ्यावरच भागते. (कोकम सरबतही चालते, मधुमेह असलेल्यांनी ते बिनसाखरेचे घ्यावे.) पाणी पिऊनही जळजळ राहिली, घटकेघटकेला लघवीला जावेसे वाटून थेंब-दोन थेंबच झाले, ओटीपोट दुखू लागले किंवा लघवी गढूळ व दुर्गंधीयुक्त झाली, तर दोष उन्हाला न देता जंतुसंसर्गाची शंका घ्यावी.

हा संसर्ग स्त्रियांमध्ये अधिक आढळतो, कारण त्यांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांबीचा असतो, पुरुषांचा सुमारे २० सेंटिमीटर. त्यामुळे आतड्यात राहणारे ई. कोलाय हे जंतू स्त्रियांच्या मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात. बाजारात किंवा एस.टी.च्या लांबच्या प्रवासात स्वच्छ शौचालय मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाणीच न पिणे आणि लघवी दाबून धरणे यामुळे त्यात भर पडते. यात दोष त्या स्त्रियांचा नाही, परंतु त्रास त्यांनाच भोगावा लागतो. गरोदरपणी कोणतेही लक्षण नसताना लघवीत जंतू असू शकतात व त्यांवर उपचार करावेच लागतात, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी टाळू नये. लहान मुलांमध्ये कारण न सापडणारा ताप, तर वृद्धांमध्ये अचानक आलेली असंबद्धता, हेच पहिले चिन्ह असू शकते.

थंडी वाजून ताप येणे, बरगड्यांखाली पाठीच्या एका बाजूला दुखणे आणि उलट्या होणे ही लक्षणे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढल्याची असू शकतात. अशा वेळी घरगुती उपाय करीत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मूतखड्याचे दुखणे वेगळे असते. कुशीतून निघालेली कळ जांघेकडे उतरते, लाटांसारखी येते व ओसरते, आणि रुग्णाला कोणत्याही कुशीवर स्वस्थ पडवत नाही. सोबत मळमळ होते आणि लघवी लालसर दिसू शकते. ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडून जातात. कुळथाचे कढण आपल्याकडे घरोघरी दिले जाते. त्याने पोटात पाणी जाते हा लाभ खरा, पण त्यावर विसंबून सोनोग्राफी लांबवू नये. कळ आणि ताप एकत्र आले किंवा लघवी पूर्ण बंद झाली, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

पन्नाशीनंतर पुरुषांना लघवीची धार बारीक होणे, सुरुवातीला थांबावे लागणे व रात्री वारंवार उठावे लागणे असा त्रास झाल्यास प्रोस्टेट ग्रंथीची तपासणी करून घ्यावी. लघवी वारंवार आणि प्रत्येक वेळी भरपूर होत असेल व तहान शमत नसेल, तर रक्तातील साखर पाहावी. वेदना नसताना लघवीतून रक्त गेले, तर ते एकदाच गेले म्हणून सोडून देऊ नये, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांनी. मूत्राशयाच्या कर्करोगाचे ते पहिले लक्षण असू शकते.

पावसाळ्यात भातलावणीच्या चिखलात काम केल्यानंतर तीव्र ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल किंवा पिवळे होणे आणि लघवी कमी व गडद होणे असे घडल्यास हा मूत्रमार्गाचा साधा विकार समजू नये. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस कोकणात नवा नाही, आणि त्यात मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

आता नमुन्याविषयी. आमच्याकडे पुष्कळदा खोकल्याच्या औषधाच्या विसळलेल्या बाटलीतून नमुना येतो; आत चिकटलेला औषधाचा अंश आणि बाहेरचे जंतू यांमुळे तपासणीचा निकाल बिघडतो. कृपया प्रयोगशाळेतून निर्जंतुक डबी घेऊन जावी. जागा पाण्याने स्वच्छ धुऊन पहिली धार सोडून द्यावी, मधली धार डबीत घ्यावी आणि झाकणाच्या आतील बाजूस बोट लावू नये. अनुकूल तापमानात ई. कोलाय सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतात, म्हणून सकाळी घेतलेला नमुना पिशवीत ठेवून दुपारच्या एस.टी.ने पाठवल्यास जंतूंची मोजणी विश्वासार्ह राहत नाही. नमुना २ तासांच्या आत पोहोचवावा. ते शक्य नसल्यास शीतपेटीत किंवा फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी आणावा, अथवा प्रयोगशाळेत येऊनच द्यावा.

कल्चर तपासणीचा (म्हणजे लघवीतील जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा) नमुना प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी देणे सर्वांत महत्त्वाचे आहे. घरात उरलेल्या दोन गोळ्या घेतल्याने जळजळ कमी होते, जंतू मात्र पूर्ण जात नाहीत आणि कल्चरमध्येही नीट उगवत नाहीत. गोळ्या घेतल्या असतील, तर नमुना देतानाच त्यांचे नाव सांगावे. कल्चरचा अहवाल तयार होण्यास साधारण २ ते ३ दिवस लागतात. ताप किंवा पाठदुखी असेल, तर नमुना देऊन अहवालाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.