वर्गातला ऑप्शन, चाळीतला कांदा

परीक्षेच्या दिवसांत नाशिकच्या कॉलेज रोडवर एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात उभं राहिलं की वित्त विषयाच्या नोट्स आपसूक नजरेस पडतात. जमा-नावे त्यात नावापुरतं. बाकी सगळं बीटा, सिग्मा, लॉगरिदम आणि मागे नॉर्मल वितरणाचा तक्ता. ‘कॉमर्सला एवढं गणित कशाला?’ हा पालकांचा प्रश्न रास्तच आहे. शहरात बीवायके वाणिज्य महाविद्यालय 1957 साली सुरू झालं, तेव्हा वाणिज्य म्हटलं की हिशेब, बँकिंग आणि कंपनी कायदा एवढंच डोळ्यांसमोर यायचं. हे गणित पुढे परदेशातून आलं. गंमत अशी की त्यातलं सर्वांत प्रसिद्ध सूत्र ज्या सौद्यासाठी आहे, तो सौदा, म्हणजे ऑप्शन, आपल्या देशात बरीच वर्षं बेकायदा होता.

गणिताची सुरुवात पॅरिसची. 1900 साली लुई बाशलिए या विद्यार्थ्याने सट्ट्यावर प्रबंध लिहिला. भाव उद्या कुठे जाईल हे सांगता येत नाही ना, मग त्या न सांगता येण्याचंच गणित मांडू, असा त्याचा पवित्रा. आइन्स्टाइनने कणांच्या अशाच भरकटण्यावर लिहिलं ते 1905 साली, म्हणजे पाच वर्षांनी. प्रबंध तपासणाऱ्यांत प्वांकारेसारखा गणिती होता, त्याला कामाची कदरही होती. तरी अर्थशास्त्रज्ञांच्या हाती तो प्रबंध लागायला अर्धं शतक जावं लागलं.

तोवर 1952 उजाडलं होतं. त्या वर्षी हॅरी मार्कोविट्झचा पोर्टफोलिओवरचा, म्हणजे एकत्र धरलेल्या गुंतवणुकींच्या संचावरचा, लेख आला. प्रत्येक शेअरची जोखीम सुटी मोजून भागत नाही, ते शेअर एकमेकांबरोबर कसे हलतात ते पाहावं लागतं, हा त्याचा गाभा. शिकागोत प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी ‘हे अर्थशास्त्रच नव्हे’ अशा अर्थाची हरकत घेतली. 1990 साली मार्कोविट्झना नोबेल मिळालं, तेही अर्थशास्त्राचंच.

त्याच 1952 मध्ये दिल्लीत वायद्यांवर (आज भाव ठरवून पुढच्या तारखेला पुरे करायच्या सौद्यांवर) वायदे करार नियमन कायदा झाला आणि शेतमालासकट सगळ्या मालातल्या ऑप्शनवर बंदी आली. ऑप्शन हा शब्द नवा, पण व्यवहार आपल्याकडे जुना होता. मुंबईच्या कापूस बाजारात त्याला तेजी-मंदी म्हणत. तेजी लावायची म्हणजे थोडा नजराणा देऊन ठरल्या भावाने माल घेण्याचा हक्क मिळवायचा. मंदी लावायची म्हणजे विकण्याचा. भाव उलटा गेला तर नजराण्यावर पाणी सोडायचं, बाकी बंधन नाही. वर्गात ‘कॉल’ आणि ‘पुट’ म्हणून शिकवतात ते हेच. मराठी मुलांना ते तेजी-मंदी म्हणूनच का शिकवू नये, हे मला कळलेलं नाही. 1956 च्या कायद्याने शेअरमधल्या ऑप्शनचंही दार बंद केलं.

1973 साली शिकागोत ऑप्शनचा खास बाजार उघडला. त्याच वर्षी ऑप्शनची किंमत काढण्याचं फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांचं सूत्र छापून आलं आणि रॉबर्ट मर्टन यांनी त्याचा पाया पक्का केला. आपल्याकडे तेव्हा नव्या शेअरचा भावसुद्धा कंपनी ठरवत नसे. दिल्लीतले कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज ठरवत. 1947 चा तो कायदा 1992 साली गेला. 1995 मध्ये शेअरच्या ऑप्शनवरची बंदी उठली, पण प्रत्यक्ष सौदे सुरू व्हायला 2001 उजाडलं: जूनमध्ये निर्देशांकाचे, जुलैमध्ये एकेका शेअरचे. त्याआधी ज्यांनी हे सूत्र पाठ केलं, त्यांनी ते पोहण्याच्या पुस्तकासारखं पाठ केलं.

आता पाणी भरपूर झालंय. 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत फ्यूचर्स (म्हणजे वायदे) आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्क्यांना तोटा झाला, असं शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्याच पाहणीत दिसलं.

नाशिकच्या वाचकाला या इतिहासात आणखी एक ओळखीची वस्तू भेटते: कांदा. 1955 मध्ये शिकागोत दोन व्यापाऱ्यांनी कांद्याचा प्रचंड साठा हातात घेतला, मग भाव पडला तर नफा होईल असे उलटे सौदे करून भाव पाडला. 1956 च्या मार्चपर्यंत अशी गत झाली की आतल्या कांद्यापेक्षा रिकाम्या गोणीला जास्त पैसे पडत. लासलगावच्या कोणाही शेतकऱ्याला हे चित्र समजावून सांगायची गरज नाही. चिडलेल्या उत्पादकांच्या बाजूने मिशिगनचे खासदार जेराल्ड फोर्ड (पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच) उभे राहिले आणि 1958 साली अमेरिकेत कांद्याच्या वायद्यांवर कायद्याने बंदी आली. ती आजही आहे. स्टॅनफर्डच्या होलब्रूक वर्किंग यांनी 1960 मध्ये आकडे तपासले, तर वायदे चालू असतानाच हंगामातले चढउतार कमी होते असं त्यांना आढळलं. बंदीवरचा हा वाद अभ्यासक अजून घालतात. आपल्याकडेही सेबीने डिसेंबर 2021 मध्ये गहू, हरभरा, सोयाबीन अशा सात शेतमालांचे वायदे थांबवले, तेव्हा वादाचे मुद्दे फारसे वेगळे नव्हते.

वायदा नसला तरी उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत टाकणारा शेतकरी एक प्रकारचा ऑप्शनच धरून असतो. आज विकायचा की थांबायचं, हा हक्क त्याचा. नजराणा मात्र रोज थोडाथोडा जातो: घट, सड, कोंब. पुस्तकात यालाच मुदतीबरोबर झिजणारं मूल्य म्हणतात. ब्लॅक-शोल्स सूत्र धरून चालतं की भाव सलग सरकतो, उडी मारत नाही. 8 डिसेंबर 2023 रोजी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा जिल्ह्यात ठिकठिकाणी लिलावच थांबले. अशा उड्यांचं गणित मर्टन यांनी 1976 मध्ये मांडलं आहे. त्यात उडी साधारण किती वेळा येते आणि केवढी असते, हे आधी भरावं लागतं. परीक्षेत ते दोन्ही आकडे प्रश्नातच छापलेले असतात.