व्हीआरआर चालू केलं की स्क्रीन का लुकलुकते?

गेममध्ये एखाद्या अंधाऱ्या बोगद्यात शिरलात की राखाडी भिंती धपापल्यासारख्या कमी-जास्त उजळू लागतात. लोडिंग स्क्रीन आली की तेच भराभर होतं. उघड्या माळावर उन्हात आलात की सगळं शांत. स्क्रीनचं रेकॉर्डिंग करून पाहावं, तर त्यात काहीच सापडत नाही. मॉनिटर खराब निघाला असं वाटणं साहजिक आहे, पण वर सांगितलेल्या सगळ्या खुणा जुळत असतील तर तो बहुधा धडधाकट असतो. लुकलुकण्याचं मूळ व्हीआरआर म्हणजे व्हेरिएबल रिफ्रेश रेटमध्ये, स्क्रीनवरचं चित्र बदलण्याचा वेग गेमप्रमाणे कमी-जास्त करण्याच्या सोयीत असतं, आणि ते बंद न करताही हा त्रास बराच आटोक्यात येतो.

साधा मॉनिटर ठरलेल्या ठेक्यावर चित्र बदलतो. १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा असेल, तर दर ६.९४ मिलिसेकंदांनी. ग्राफिक्स कार्डाला मात्र एक फ्रेम, म्हणजे गेमचं एक चित्र, तयार करायला कधी ७, तर कधी १५ मिलिसेकंद लागतात. ठेका चुकला की चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसतं किंवा अडखळतं. व्हीआरआरमध्ये मॉनिटर कार्डासाठी थांबतो. एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक जाहीर केलं, २०१४ मध्ये व्हेसा या संस्थेने डिस्प्लेपोर्ट १.२ए मध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक आणलं, एएमडीचं फ्रीसिंक त्याच पायावर उभं आहे आणि एचडीएमआय २.१ मध्येही व्हीआरआरची सोय आहे. नावं वेगळी असली तरी युक्ती एकच. चित्राच्या ओळी नेहमीच्याच वेगाने पाठवायच्या आणि दोन चित्रांमधला रिकामा वेळ हवा तेवढा ताणायचा.

हा ताणलेला रिकामा वेळच पॅनेलला जड जातो. एलसीडीचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक इवलासा कपॅसिटर. त्यात विद्युतभार भरला जातो आणि पुढची फ्रेम येईपर्यंत त्याने तो धरून ठेवायचा असतो. हा भार थोडाथोडा गळतो. १४४ हर्ट्झला तो ६.९४ मिलिसेकंद टिकवायचा असतो, ४८ हर्ट्झला २०.८३, म्हणजे तिप्पट वेळ. जास्त वेळ, जास्त गळती, आणि उजेडात तेवढा फरक. व्हीए या प्रकारच्या एलसीडी पॅनेलमध्ये गडद छटांच्या पट्ट्यात व्होल्टेज जरासं हललं तरी उजेड बराच बदलतो, म्हणून तिथे हा दोष ठळक दिसतो. आयपीएस या दुसऱ्या प्रकारात तो पुष्कळ कमी असतो. ओएलईडीत, म्हणजे जिथे प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो अशा पॅनेलमध्ये, कारण थोडं वेगळं आहे. तिथे छटांचं गणित म्हणजे गॅमा एका ठरावीक रिफ्रेश रेटला बसवलेला असतो, आणि वेग बदलला की काळ्याच्या जवळच्या छटा त्या गणितातून घसरतात. पूर्ण काळा पिक्सेल बंदच असतो, त्यामुळे तिथे काही हलत नाही. त्रास होतो तो काळ्याच्या अगदी शेजारच्या राखाडीत.

यात डोळ्याचाही वाटा आहे. आपल्याला उजेडातला फरक प्रमाणात जाणवतो. २०० निटच्या (निट हे उजेड मोजायचं एकक) आकाशात ०.०५ निटची भर पडली तर कुणाला कळणारही नाही, पण ०.५ निटच्या भिंतीवर तीच भर म्हणजे सरळ दहा टक्के. शिवाय सेकंदाला दहाच्या आसपास वेळा होणारी उघडझाप डोळा फार चटकन टिपतो. हर्ट्झचा आकडा सेकंदात पाच-दहा वेळा खालीवर झाला की नेमकं तेच घडतं. म्हणून मी म्हणेन की कमी एफपीएसला, म्हणजे सेकंदाला कमी फ्रेम बनण्याला, दोष देऊ नका. स्थिर ५५ एफपीएसवर चित्र निवांत असतं. ६० ते १२० मध्ये उड्या मारणारा गेम मात्र लुकलुकतो.

दुरुस्तीला हात घालण्याआधी निदान पक्कं करा. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत जाऊन अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक किंवा फ्रीसिंक बंद करा आणि त्याच अंधाऱ्या जागी परत जा. लुकलुक थांबली, तर कारण व्हीआरआरच आहे. थांबली नाही, तर केबल, लोकल डिमिंग (स्क्रीनचे भाग वेगवेगळे मंद करणारी सोय) किंवा बॅकलाइटकडे (पॅनेलमागच्या दिव्याकडे) वळा. केबलचा बिघाड दिसायलाही वेगळा असतो. त्यात स्क्रीन एक-दोन सेकंद पूर्ण काळी पडते, पांढरे ठिपके किंवा आडव्या रेघा चमकतात. भिंतीचा उजेड हळूच वरखाली होणं हे केबलचं लक्षण नव्हे, त्यामुळे तेवढ्यासाठी महागडी केबल आणू नका. आणि रेकॉर्डिंगवर विसंबू नका, कारण त्यात कार्डाने बनवलेलं चित्र येतं, पॅनेलमध्ये झालेला बदल येत नाही. पुरावा हवा असेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात एक्स्पोजर लॉक करून स्क्रीनचाच व्हिडिओ घ्या.

आणखी एक चाचणी करून पाहण्यासारखी आहे. मॉनिटरच्या मेनूतून रिफ्रेश रेटचा आकडा कोपऱ्यात दाखवायला लावा. गेममध्ये गडद राखाडी भिंतीसमोर कॅरेक्टर उभं करा आणि रिव्हाट्यूनर या सॉफ्टवेअरमधून फ्रेम रेटची मर्यादा आधी १४०, मग ५० करा. आकडा उतरताच भिंतीची छटा बदलते का पाहा. बदललीच, तर तुमचं पॅनेल वेगाप्रमाणे किती हलतं ते डोळ्यांसमोर आलं. आता मर्यादा ४७ करा. बऱ्याच मॉनिटरची व्हीआरआरची खालची हद्द ४८ हर्ट्झ असते. अशा मॉनिटरवर आकडा ४७ न दाखवता एकदम ९४ वर जाईल.

ही उडी म्हणजे एलएफसी, लो फ्रेमरेट कॉम्पेन्सेशन. फ्रेम रेट हद्दीखाली गेला की ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवतो, म्हणजे पॅनेल आपल्या कक्षेत राहतं. सोय उत्तम आहे, पण गेम ४६ ते ५० एफपीएसच्या मध्ये रेंगाळत असेल तर पॅनेल ४९ आणि ९४ हर्ट्झमध्ये ठेचकाळत राहतं. सगळ्यात वाईट लुकलुक इथलीच. यासाठी कमाल रिफ्रेश रेट किमानच्या निदान दुप्पट लागतो. ४८ ते ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर ही सोय नसते, आणि ४८ च्या खाली गेलात की व्हीआरआरच सुटतं.

पहिला आणि सगळ्यात गुणकारी इलाज म्हणजे फ्रेम रेटला मर्यादा घालणं. फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख चालू ठेवून गेममधल्या सगळ्यात जड जागी पाच मिनिटं फिरा. गेम ७० ते १२० मध्ये पळत असेल तर मर्यादा ७२ च्या आसपास लावा. सरासरी आकडा घटतो, पण आलेख सरळ होतो आणि भिंती शांत होतात. एएमडीच्या कार्डावर रेडिऑन चिल या सेटिंगमध्ये किमान आणि कमाल दोन्ही आकडे सारखेच ठेवले तरी चालतं. कार्ड दमदार असेल आणि फ्रेम रेट छताला टेकत असेल, तर कमालपेक्षा तीन-चार कमी, म्हणजे १४४ ला १४० ठेवा. मेनूमध्ये शेकड्यांनी फ्रेम बनवणारे गेमही यानेच ताळ्यावर येतात.

मर्यादा घालूनही मधूनच एखादा झटका बसतो, तेव्हा आलेखात एकच उंच काटा शोधा. एक फ्रेम ६० मिलिसेकंदांची झाली की पॅनेल क्षणभर हद्दीबाहेर जातं. पुष्कळदा हे शेडर (चित्राच्या उजेड-रंगाचं गणित करणारे छोटे प्रोग्राम) कंपाइल होण्यामुळे, म्हणजे कार्डासाठी तयार होण्यामुळे होतं. गेम सुरुवातीला शेडर तयार करत असेल तर ते काम पूर्ण होऊ द्या, घाईने पुढे जाऊ नका.

डेस्कटॉपवर किंवा ब्राउझर उघडल्यावर लुकलुक होत असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये जी-सिंक फक्त फुल स्क्रीनसाठी चालू ठेवा. खिडकीतल्या अ‍ॅपसाठीही ते चालू असेल, तर सेकंदाला २४ फ्रेमचा एखादा व्हिडिओसुद्धा अख्ख्या मॉनिटरचा वेग ओढत नेऊ शकतो.

ज्यांना थोडं खोलात जायचं आहे त्यांच्यासाठी सीआरयू, म्हणजे कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी, हे सॉफ्टवेअर आहे. त्यातल्या रेंज लिमिट्समध्ये किमान आकडा ४८ वरून ६५ करता येतो. मग ६४ एफपीएसला पॅनेल १२८ हर्ट्झवर जातं. उडी राहतेच, पण दोन फ्रेममधल्या काळाचा फरक साडेदहा मिलिसेकंदांवरून साडेसातवर येतो, आणि विद्युतभार धरून ठेवण्याचा सर्वाधिक काळ २०.८ वरून १५.४ होतो. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर ७२ च्या वर जाऊ नका, नाहीतर दुप्पट केलेला आकडा कक्षेत बसणार नाही. हद्द अशीच निवडा जिच्या आसपास तुमचा गेम रेंगाळत नाही. ६५ लाच गेम घुटमळत असेल तर दुखणं नुसतं एका जागेवरून दुसरीकडे गेलं. आधीची सेटिंग एक्स्पोर्ट करून ठेवा. स्क्रीन काळीच राहिली, तर सेफ मोडमध्ये जाऊन सोबतची रीसेट-ऑल ही फाइल चालवली की सगळं पूर्ववत होतं.

काही मॉनिटरमध्ये कंपनीनेच उपाय दिलेला असतो. असुसच्या काही ओएलईडी मॉनिटरमध्ये त्याला अँटी-फ्लिकर म्हणतात, सॅमसंगच्या ओडिसीमध्ये व्हीआरआर कंट्रोल. ही सेटिंग रिफ्रेश रेटला मोकळं हिंडू देत नाही. लुकलुक खरंच कमी होते, पण बदल्यात हालचाल किंचित अडखळते. आधी फ्रेम मर्यादा, आणि तेवढ्याने भागलं नाही तरच ही सेटिंग, हा क्रम मला योग्य वाटतो.

लोडिंग स्क्रीनवरची लुकलुक मात्र यातल्या कशानेही पूर्ण जात नाही. तिथे गेम फ्रेम द्यायचंच मध्ये मध्ये थांबवतो, आणि मर्यादा फक्त वरचा आकडा रोखते, खालचा उचलू शकत नाही. एखाद्या गेममध्ये ती सोसवेनाशी झाली, तर ड्रायव्हरमध्ये त्या एका गेमच्या प्रोफाइलपुरतं व्हीआरआर बंद करा आणि बाकीच्यांसाठी चालूच राहू द्या.