माया म्हणजे लूज नव्हे

'दीड इंच त सोडलं होतं, तरी काखेत काचतेच.' शिवणकाम शिकणाऱ्यांची ही तक्रार काही संपत नाही. सोडलेलं ते दीड इंच माया होती, लूज धरलंच नव्हतं.

माया सगळ्यांना ठाऊक आहे: शिवणीच्या आत दबणारं कापड. गळ्याला पाव इंच, मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात त्या काखेभोवतीच्या गोलाईला, अर्धा, बाजूला दीड. बाजूची माया याहून कमी ठेवणारे टेलर मला पटत नाहीत. लग्नातला ब्लाउज पुढे उसवावा लागतोच.

लूज म्हणजे अंग आणि कापड यांच्यातली मोकळी जागा. अंगाची छाती 36 असेल तर ब्लाउज साधारण 38 चा, कुर्ता 40 चा. 38 चा चौथा भाग साडेनऊ, तिथे टिपेची खूण. त्यापुढे दीड इंच माया, म्हणजे कात्री 11 वर. गोंधळ घालणारे 36 चा चौथा भाग 9 धरतात, पुढे दीड इंच सोडून कापतात आणि घट्ट झालं की टीप अर्धा इंच बाहेर सरकवतात. छाती 38 होते खरी, पण काखेखाली मुंढा लांबतो, बाही आधीच्याच मापाची राहते, जोडताना ओढाताण होते. वर माया एकच इंच उरते.

खरा घोळ नापाच्या ब्लाउजचा. खेड्यात पुष्कळदा बाईऐवजी पिशवीतून तिचा जुना ब्लाउजच टेलरकडे येतो. त्यात लूज आधीच आलेलं असतं. हुक लावून छाती 38 भरली तर ते तयार कपड्याचं माप. त्यावर आणखी दोन इंच चढवले की खांदा घसरतो, पुढचा गळा झोल खातो. उलट, टेपनं अंगावरून घेतलेलं 36 तसंच शिवलं तर हात वर करताच हुक ताणतात. म्हणून वहीत नुसता आकडा लिहू नका, पुढे 'अंगाचं' की 'नापाचं' ते लिहा.

सैल विणीच्या कोशाची, म्हणजे कोसा रेशमाची, शिवण ताण पडला की सरकते, धागे उघडे पडतात. तिथे लूज अर्धा इंच जास्त द्या, नुसती माया वाढवून भागत नाही. मात्र सुती कापड आटतं म्हणून लूज वाढवणं मला मुळीच मान्य नाही. कापड आणि अस्तर दोन्ही रात्रभर भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा, मग कापा.

उरलेल्या कापडाच्या बटव्याला लूज लागत नाही: बाजूंनी अर्धा इंच माया, तोंडाशी नाडीच्या नेफ्यासाठी दीड. जोडीचा कंबरपट्टा मात्र अंगावर बसतो. त्याला इंचभर लूज हवंच, नाहीतर पंगतीत मांडी घातली की पोटाला रुततो.